बास्केटखालचे तीन सेकंद

बास्केटबॉलमध्ये खेळाडूची जागा आणि खेळाडूची भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा म्हणजे पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर या पाचांपैकी यादीत नावापुढे छापले जाणारे एक नाव. भूमिका मात्र चेंडू किती वेळ त्याच्या हाती राहणार, शेवटच्या मिनिटाला शॉट कोणी घ्यायचा, प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला कोणी अडवायचे, अशा प्रश्नांच्या उत्तरांतून घडत जाते. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, आणि युरोपातील अव्वल क्लबांची युरोलीग यांच्यात ये-जा करणाऱ्या खेळाडूची जागा बहुधा तीच राहते, भूमिका मात्र पार पालटते. हा पालट सहसा कुवतीच्या मापाने मोजला जातो. अमेरिकेत टिकला तो मोठा आणि परत आला तो उणा, असा सरळ हिशेब मांडला जातो. तो हिशेब चुकीचा आहे. भूमिकेचा मोठा भाग खेळाडूच्या अंगात नसून नियमांच्या पुस्तकात, हंगामाच्या वेळापत्रकात आणि संघातील बाकी चौघे कोण आहेत यात दडलेला असतो, आणि गेल्या चार दशकांतील ठळक कारकिर्दी बारकाईने पाहिल्या म्हणजे ते स्पष्ट दिसते.

प्रथम वेळेचा विचार करावा लागतो. एनबीएचा सामना १२ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा असतो; आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या नियमांनी चालणारा युरोपातील सामना १० मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा. अमेरिकेत सहाव्या फाउलला खेळाडू बाद होतो, युरोपात पाचव्याला. एनबीएच्या साखळी हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यामुळे एका पराभवाचे ओझे फार नसते आणि हंगामात सरावाला सवडही थोडीच मिळते. युरोलीगमधील क्लब मात्र आपल्या देशाची लीग आणि युरोलीग अशा दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढत असतो, तेथे दोन-तीन पराभवांनी प्रशिक्षकाची खुर्ची डळमळते आणि म्हणून प्रत्येक चाल घोटून घेतलेली असते. याचा परिणाम असा, की अमेरिकेत संघाची रचना एखाद्या ताऱ्याभोवती उभी राहते, तर युरोपात ती प्रशिक्षकाच्या आराखड्यातून उतरते आणि तारादेखील अनेकदा पंचवीस-तीस मिनिटेच मैदानावर असतो. गुणांच्या सरासरीची दोन्हीकडची तुलना करताना हा फरक विसरला, तर युरोपातले १६ गुण उगाच किरकोळ वाटू लागतात.

परंतु भूमिका घडवण्यात सर्वांत खोल हात आहे तो एका छोट्या नियमाचा. बास्केटखाली जो रंगवलेला आयत असतो, ज्याला खेळाडू ‘पेंट’ म्हणतात, त्याची रुंदी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, पाच मीटरला थोडी कमी आहे. आक्रमण करणाऱ्याने तेथे तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये, हा नियमही दोन्हीकडे आहे. एनबीएने मात्र २००१-०२ च्या हंगामापासून, जागा राखून खेळण्याच्या बचावाला, म्हणजे ‘झोन’ला, परवानगी देताना त्यासोबत बचाव करणाऱ्यावरही तसेच बंधन घातले: हाताच्या अंतरावर प्रतिस्पर्धी नसेल, तर बचावपटूने पेंटमध्ये तीन सेकंदांहून अधिक थांबायचे नाही, थांबला, तर समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळतो आणि चेंडूही त्यांच्याकडेच राहतो. फिबाच्या पुस्तकात हे बंधन नाही. शिवाय चेंडू एकदा रिंगणाला लागला, की फिबाच्या नियमांनुसार तो कोणीही वरच्यावर टोलवू शकतो, तर एनबीएमध्ये रिंगणाच्या वर असलेल्या चेंडूला हात लावणे हा नियमभंग ठरतो.

या दोन कलमांचे मोल काय, हे केप व्हर्देच्या वॉल्टर तावारेसच्या कारकिर्दीत दिसते. सुमारे २२० सेंटिमीटर उंचीच्या या सेंटरला २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अटलांटाने ४३ व्या क्रमांकावर घेतले. अटलांटा आणि क्लीव्हलँड मिळून एनबीएत तो जेमतेम १३ सामने खेळला आणि २०१७ मध्ये रिअल माद्रिदला गेला. पुढे २०१९, २०२१ आणि २०२३ या वर्षी तो युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचा बचाव जवळून पाहण्यासारखा असतो. प्रतिस्पर्धी ‘पिक अँड रोल’ रचतात, म्हणजे एक उंच खेळाडू चेंडूवाल्याच्या पाठलागदाराच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो आणि लगेच वळून बास्केटकडे धावतो. अशा वेळी तावारेस पुढे धावत नाही, तो दोन पावले मागे सरकून पेंटच्या मध्यावर हात पसरून उभा राहतो, चेंडूवाला आणि धावत येणारा उंच खेळाडू या दोघांनाही एकाच नजरेत ठेवतो, आणि गार्ड वेगाने आत घुसून उडी घेणार तोच, समोर लांबलेला हात पाहून अर्ध्यातच पास बाहेर फेकून देतो. यातल्या अनेक चालींची नोंद आकडेवारीत ब्लॉक म्हणून होतही नाही. तेथे उभे राहण्याचे घड्याळ माद्रिदमध्ये नसते. अमेरिकेत त्याला दर तिसऱ्या सेकंदाला रेषेबाहेर पडून पुन्हा आत यावे लागते, आणि दूरवरून अचूक शॉट मारणारे सेंटर त्याला बास्केटपासून सात-आठ मीटर ओढून नेतात. फ्रान्सचा रूडी गोबेर हेच बंधन पाळून एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू चार वेळा ठरला, तेव्हा अशी भूमिका तेथे अशक्य आहे असे नव्हे. परंतु तिच्यासाठी उंचीबरोबर पायांची जी चपळाई लागते ती फार थोड्यांकडे असते, आणि ती नसतानाही थोर बचावपटू होता येते ही मुभा युरोपाचे नियम देतात.

गार्डच्या बाबतीत प्रश्न रेषांचा नसून चेंडूच्या मालकीचा असतो. ग्रीसचा वासिलिस स्पानुलिस २००६ च्या जागतिक स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात, जपानमधील साइतामा येथे, अमेरिकेविरुद्ध २२ गुण करून गेला आणि ग्रीसने तो सामना १०१-९५ असा जिंकला. त्याच वर्षी तो ह्यूस्टन रॉकेट्समध्ये दाखल झाला. तेथे ट्रेसी मॅकग्रेडी आणि याओ मिंग यांच्या हाती आक्रमणाची सूत्रे होती. स्पानुलिसला हंगामात ३१ सामने, सामन्यामागे नऊ मिनिटांहून कमी वेळ आणि तीनहून कमी गुणांची सरासरी एवढेच मिळाले. त्याचे सारे कसब थांबत-खोळंबत ड्रिबल करत समोरच्या बचावाला आधी एका बाजूला झुकवण्याचे, मग त्या झुकण्यातून पास किंवा शॉट शोधण्याचे होते, आणि त्यासाठी चेंडू सलग दहा-बारा सेकंद हाती असावा लागतो. नऊ मिनिटांच्या पाहुण्याला तो कोणी देत नाही. हंगाम संपताच ह्यूस्टनने त्याला सॅन अँटोनियोला देऊन ज्याचे हक्क मिळवले, तो अर्जेंटिनाचा लुइस स्कोला स्पेनमध्ये तितकाच नावाजलेला होता आणि अमेरिकेत मात्र लगेच रुळला. या अदलाबदलीतच सगळे आले आहे: स्कोला वाट अडवून स्क्रीन देत असे, योग्य क्षणी वळत असे, रिबाउंड घेत असे, म्हणजे दुसऱ्याच्या हातच्या चेंडूवर तो आपले मोल सिद्ध करत असे. स्पानुलिसला ती सोय नव्हती.

तो ग्रीसला परतला, आणि पुढील काळात २००९ मध्ये पानाथिनाइकोसकडून व २०१२ आणि २०१३ मध्ये ऑलिंपियाकोसकडून युरोलीग जिंकताना तिन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ ची इस्तंबूलमधील अंतिम लढत तर त्याच्या भूमिकेचे संपूर्ण चित्रच आहे. सीएसकेए मॉस्कोविरुद्ध १९ गुणांनी मागे पडलेला त्याचा संघ एका गुणाच्या अंतरावर आला. शेवटच्या चालीत चेंडू अर्थातच त्याच्याकडे होता, आणि तो आत घुसताच सारा बचाव त्याच्याकडे धावला. त्याने शॉट न घेता मोकळ्या झालेल्या योर्गोस प्रिंतेझिसकडे चेंडू सरकवला, प्रिंतेझिसने तो हलकेच वर उचलून टाकला आणि सामना ६२-६१ असा संपला. ह्यूस्टनमध्ये ज्याला चेंडू मिळत नव्हता, त्याच्याकडे चेंडू आहे या एका भीतीने त्या रात्री पाच जणांचा बचाव कोसळला.

या कहाणीचा पूर्वार्ध त्याआधी क्रोएशियाच्या द्राझेन पेत्रोविचने भोगला होता. झाग्रेबच्या सिबोनाला १९८५ आणि १९८६ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवून देणारा, एका देशांतर्गत सामन्यात ११२ गुण करणारा आणि १९८९ च्या कप विनर्स चषकाच्या अंतिम सामन्यात रिअल माद्रिदकडून ६२ गुण करणारा हा गार्ड पोर्टलंडमध्ये क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर यांच्या मागे बाकावर बसला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी साडेसात गुणांच्या आसपास राहिली. जानेवारी १९९१ मध्ये तो न्यू जर्सीला गेला, तेथे मिनिटे मिळाली आणि १९९२-९३ मध्ये सरासरी २२.३ वर पोहोचली. लक्षणीय बाब ही, की तो युरोपातला पेत्रोविच राहिला नव्हता: चेंडू हाती घेऊन सारा खेळ चालवणारा राजा, सहकाऱ्यांच्या स्क्रीनभोवती धावत मोकळी जागा गाठून मिळालेला पास क्षणात बास्केटमध्ये टाकणारा शूटर झाला होता. त्याने भूमिका बदलली आणि मोठेपण राखले. ७ जून १९९३ रोजी जर्मनीतील मोटार अपघातात वयाच्या २८ व्या वर्षी तो गेला, आणि त्या भूमिकेतून पुढे काय उमलले असते हे पाहायचे राहून गेले.

उलट दिशेचा प्रवास मराठी क्रीडा पानांवर क्वचितच येतो, पण तोच अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेतून युरोपात येणाऱ्या खेळाडूकडून क्लबला पहिली अपेक्षा गुणांची असते. शेन लार्किन बोस्टनमध्ये सामन्यामागे चार-पाच गुणांचा राखीव गार्ड होता; इस्तंबूलच्या एफेस क्लबकडून त्यानेच नोव्हेंबर २०१९ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध ४९ गुण करून युरोलीगचा तेव्हाचा विक्रम रचला आणि २०२१ व २०२२ मध्ये क्लबला विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.

पी. जे. टकरची वाट याहून वळणाची. २००६ मध्ये टोरोंटोने निवडलेला हा खेळाडू १७ सामन्यांनंतर बाहेर पडला आणि पाच वर्षे इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी अशी मजल-दरमजल करत फिरला. होलोन शहराच्या क्लबला २००८ मध्ये त्याने इस्रायलचे विजेतेपद मिळवून दिले तेव्हा मक्काबी तेल अवीवची १४ वर्षांची सलग मालिका तुटली, आणि २०१२ मध्ये जर्मनीत बाम्बेर्गच्या विजयातही तो अग्रभागी होता. या सगळ्या संघांत तो आक्रमणाचा आधार होता. २०१२ मध्ये फिनिक्सने त्याला एनबीएत परत बोलावले, ते वेगळ्याच कामासाठी. पुढे ह्यूस्टनमध्ये या कामाला अंतिम रूप आले: मैदानाच्या कोपऱ्यात, तीन गुणांची रेषा आणि बाजूची सीमारेषा यांच्यामधल्या जेमतेम तीन फुटांच्या पट्टीत, टाच सीमारेषेला लागू न देता, गुडघे किंचित वाकवून आणि तळवे चेंडूसाठी उघडे ठेवून उभे राहायचे. पास आला तर विलंब न करता शॉट, नाही आला तर तसेच उभे राहून आपल्या बचावपटूला तेथेच अडकवून ठेवायचे, म्हणजे संघाचा तारा जेम्स हार्डनला आत घुसायला वाट मोकळी मिळते. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत कठीण खेळाडूला अंगावर घ्यायचे. २०२१ मध्ये मिलवॉकीने अजिंक्यपद मिळवले त्या बाद फेऱ्यांत टकरची सरासरी चार गुणांच्या आसपास होती, तरी प्रतिस्पर्ध्यांचा तारा केव्हिन ड्युरंटसमोर उभा राहणारा तोच होता. चेंडूविना खेळण्याला कमीपणा मानणाऱ्यांनी ते सामने पुन्हा पाहावेत.

२०२० मध्ये ह्यूस्टनने याच १९६ सेंटिमीटरच्या टकरला सेंटर म्हणून उभे केले, तेव्हा अमेरिकेत त्याची नवलाई झाली. युरोपात मात्र १९८ सेंटिमीटरचा काइल हाइन्स एका दशकापासून नेमके हेच करत होता. एनबीएत एकही सामना न खेळलेल्या या अमेरिकी खेळाडूने ऑलिंपियाकोस आणि सीएसकेए यांच्याकडून चार युरोलीग विजेतेपदे मिळवली. स्वतःहून वीस सेंटिमीटर उंच सेंटरना तो पायांच्या ताकदीने पेंटबाहेर ढकलत असे आणि गार्डसमोर आला तरी त्याला पुढे निघू देत नसे. अमेरिकी निवडकर्त्यांना त्याची उंची दिसली. तिच्यासाठी असलेली भूमिका त्यांच्या खेळात त्या वेळी जन्मालाच आली नव्हती.

आज चित्र काही अंशी पालटले आहे. १३ व्या वर्षी रिअल माद्रिदच्या अकादमीत आलेल्या लुका दोनचिचने १९ व्या वर्षी, २०१८ मध्ये, युरोलीग आणि तिचा सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही मिळवले. सुमारे २६ मिनिटांत त्याची सरासरी १६ गुणांची होती. डॅलसने पहिल्याच हंगामात चेंडू त्याच्याकडे सोपवला आणि ३२ मिनिटांत २१.२ गुणांची सरासरी उभी राहिली. अमेरिकेत गुण करणे युरोपापेक्षा सोपे आहे, असे तो जाहीरपणे म्हणाला, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तेथे आत शिरल्यावर पेंटच्या मध्यावर एखादा तावारेस ठाण मांडून बसलेला नसतो. सर्बियाच्या निकोला योकिचबाबत तर डेन्व्हरने सेंटरच्या हाती पॉइंट गार्डचे काम दिले. मात्र हे दोघे अपवाद ठरण्याइतके असामान्य आहेत. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी युरोलीगच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम ठरलेला वासिलिये मिचिच २०२३ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला, तेव्हा त्याच्याही वाट्याला सुरुवातीला बाकावरचीच जागा आली.

आणि रिअल माद्रिदचा गार्ड सर्हिओ युल अमेरिकेत गेलाच नाही. ह्यूस्टनकडे त्याचे एनबीए हक्क २००९ पासून होते, बोलावणीही आली, पण तो माद्रिदमध्ये राहिला, २०१७ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि वय वाढले तसा त्याच क्लबात राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसू लागला. २०२३ च्या कौनासमधील अंतिम सामन्यात ऑलिंपियाकोस एका गुणाने पुढे होता आणि काही सेकंदच उरले होते. त्या चालीत चेंडू ३५ वर्षांच्या युलच्या हाती देण्यात आला. त्याने बचावपटूच्या डोक्यावरून उडी घेऊन शॉट घेतला आणि रिअल माद्रिदने सामना ७९-७८ असा जिंकला. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारले गेले ते तावारेसचे.