शेपूट नसलेले विमान आणि आपला कान

दौलताबादच्या किल्ल्यावर ऊन तापले की घारी घिरट्या घालू लागतात. तापलेल्या कातळावरून वर चढणारी हवा त्यांना पंख न हलवता उचलून धरते. मात्र खालून नीट पाहिले तर त्यांची खाच असलेली शेपटी सारखी इकडेतिकडे वळत असते. तोल आणि दिशा सांभाळायला ती लागतेच.

मग शेपूटच नसलेले विमान? तेही उडते. फ्रान्सच्या शार्ल फोव्हेल यांचे ‘एव्ही-36’ ग्लायडर 1951 मध्ये उडाले. विमान म्हणजे जवळजवळ एकच पंख, मधोमध बसायची जागा. बांधणी लाकूड आणि प्लायवूडची. हौशी लोकांना त्याचे आराखडे विकत मिळत. अशी शंभरावर ग्लायडर बांधली गेली. 1960 मध्ये लहान इंजिनाचे ‘एव्ही-45’ आले. इंजिनावर वर जायचे, मग ते बंद करून घारीसारखे तरंगायचे.

घरी विमान बांधण्याचे वेड आपल्याकडेही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. 2017 मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. त्याला अर्थात शेपूट आहे.

बिनशेपटीच्या विमानात पंखाची मागची कड किंचित वर वळवून तोल साधतात. पण लांब शेपटी नाकाच्या वरखाली होण्याला जसा आवर घालते, तसा इथे कमी पडतो. नाक चटकन हलते. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे दुरुस्ती उशिरा पोहोचते. घाबरून दांडा ओढला-ढकलला की झोके वाढतच जातात. अशा वेळी दांड्याशी झुंजू नये.

डॉक्टर म्हणून मला खरी काळजी वाटते ती कानाची. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके वळले की आतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण एकाच वेगाने घिरट्या चालू राहिल्या तर पंधरा-वीस सेकंदांत द्रवही सोबत फिरू लागतो. आता वाटते, आपण सरळ चाललो आहोत! विमान खरोखर सरळ केले की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी सावकाश फिरवायला सांगा, लगेच पटेल. क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात मात्र डोळ्यांचा आधार जातो, दौलताबादच्या ‘अंधारी’त विजेरी विझल्यावर जातो तसा. तिथली वटवाघळे आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. आपल्याला ती सोय नाही, म्हणून वैमानिकाला शरीराला काय वाटते ते बाजूला ठेवून उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवतात.

सर्दी असताना तर उडूच नये. नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते. खाली उतरताना हवेचा दाब वाढतो आणि कान ठणकतो. दोन्ही कानांतला दाब सारखा मोकळा झाला नाही तर भोवळही येते. त्यावर आमच्या ओपीडीत लोक हमखास मागतात त्या सर्दीच्या गोळ्या घ्याव्यात, तर त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.