कडा संपतो तिथे तट शोधावा

बारवी धरण पाहून बदलापूरकडे परतताना पश्चिमेची डोंगररांग समोर येते. चंदेरीचा सुळका चटकन ओळखू येतो. उत्तरेच्या टोकाला मलंगगड. दुरून त्याच्या अंगावरचे आडवे पट्टे पाहिले की वाटतं, केवढी ही तटबंदी! पण ते लाव्हाचे थर. सह्याद्रीचा काळा पाषाण असाच थरावर थर बसून झालेला आहे, आणि त्याच्या नैसर्गिक कडा कधीकधी गवंड्याने ओळंब्यात बांधल्यासारख्या सरळ दिसतात.

म्हणून गडावर तट शोधताना मी आधी कडा बघतो. जिथे दोनशे फूट सरळ कातळ आहे, तिथे कोण कशाला भिंत बांधेल? बांधकाम सापडतं ते कडा जिथे दगा देतो तिथे: घळीच्या तोंडाशी, खिंडीत, माचीच्या उतरत्या सोंडेवर. अशा जागांवर हमखास कारवी आणि निवडुंग माजलेले असतात. होळीनंतर गवत वाळलं की हे काम सुरू करावं, तेही सकाळी. तिरक्या उन्हात जमिनीतला वीतभर उंचवटाही सावली टाकतो. माथ्यावर सूर्य आला की तोच उंचवटा दिसेनासा होतो.

पुष्कळदा पहिला धागा खालीच मिळतो. घळीत गोल, झिजलेल्या धोंड्यांमध्ये एखादा चौकोनी, छिन्नीच्या खुणांचा घडीव दगड पडलेला असतो. असे आणखी दोनचार दिसले की पडझडीच्या त्या ओघाने वर चढायचं. वर दगडांची रांग लागली, तर तिची दोन्ही अंगं तपासायची. बाहेरच्या आणि आतल्या बाजूला निवडून बसवलेले दगड, मध्ये गोटे-मातीची भर, असं असेल तर तो तट. ग्रीक तटांतही ही पद्धत आढळते. अ‍ॅटिकाच्या सीमेवरच्या एलेउथेरैचा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला तट आजही उभा आहे. ग्रीसमध्ये असे अवशेष शोधणारे रांगेत, ठरावीक अंतर ठेवून चालतात, हातात नोंदवही घेऊन.

चुन्याच्या बाबतीत विशेष सावध राहावं लागतं. आपल्या कातळातच पांढऱ्या खनिजांचे ठिपके भरलेले असतात, आणि उत्साही मंडळी त्यांनाच चुना म्हणून मोकळी होतात. बांधकामाच्या चुन्यात वाळूचे कण दिसतात, कधी विटेचा चुराही. शिवाय तो दगडाच्या पोटात नसतो, सांध्यात असतो.

मलंगगडावर हाजी मलंग दर्गा आहे ती पीरमाची, तिच्या वर सोनेमाची, आणि त्याहून वर बालेकिल्ला. पीरमाचीवर वस्ती आणि वर्दळ इतकी, की जुना दगड कुठल्या जोत्यात गेला हे सांगणं अशक्य. सोनेमाची अरुंद आहे, ओसाड आहे. म्हणूनच तट-बुरुजांचे अवशेष तिथे वाचता येतात. फीत लावून जाडी मोजायची, होकायंत्राने दिशा टिपायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. एकही दगड हलवायचा नाही. सरळ करून ठेवलेला दगड पुढच्या माणसाला खोटी साक्ष देतो, आणि हौसेने ‘साफसफाई’ करणाऱ्यांना हे पुनःपुन्हा सांगावं लागतं.

बालेकिल्ल्यावर मात्र तटाचा शोध घेत बसू नये. १७८०च्या पावसाळ्यात इंग्रजांच्या कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने खालचा किल्ला घेतला, पण शिबंदी वर सरकली आणि बालेकिल्ला त्याच्या हाती लागला नाही. उलट मराठी फौजेने त्यालाच कोंडलं. १ ऑक्टोबरला कर्नल हार्टले मदतीला आला तेव्हा तो सुटला. तिथे बघायच्या त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि पायऱ्या जिथे तुटतात ती जागा. एवढी वाट अडवली की वरच्यांना भिंतीची गरजच नव्हती.