नामिब वाळवंटातील पाली

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतच्या नामिब वाळवंटात राहणाऱ्या, गेकोनिडी कुलातील पालींचा गट. सरीसृप वर्गाच्या स्क्वॅमेटा गणातील लॅसर्टिलिया (सरड्यांच्या) उपगणात या कुलाचा समावेश करतात. गटातील सर्व जाती एकमेकींच्या निकट आप्त नाहीत. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे त्यांची भूमी. अंगोलाच्या दक्षिण भागापासून नामिबियातून दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत हे वाळवंट अटलांटिक महासागराच्या कडेने पसरलेले आहे. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे किनाऱ्यावर पाऊस नगण्य पडतो. परंतु त्याच प्रवाहामुळे समुद्रावर निर्माण होणारे धुके रात्री व पहाटे अनेक किमी. आतपर्यंत येते. दुपारी वाळूच्या पृष्ठाचे तापमान ६०° से. च्या वर जाते आणि रात्री तीच वाळू गार पडते. येथील बहुतेक पाली निशाचर असून दिवस बिळात काढतात.

भिंतीवर व छतावर सहज चालणारी घरातील पाल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बोटांखाली रुंद गाद्या असून त्यांवर आडव्या पट्टिका असतात. या पट्टिकांवर केसापेक्षा कितीतरी बारीक असे असंख्य दृढरोम असतात. टोके या आशियाई पालीच्या एका पावलावर त्यांची संख्या सु. पाच लाख असते. प्रत्येक दृढरोमाचे टोक शेकडो शाखांत विभागलेले असून शाखांची चपटी टोके पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की, रेणूंमधील क्षीण व्हान डर व्हाल्स प्रेरणांनी पाल पृष्ठभागाला धरून राहते. येथे चिकट द्रवाचा किंवा चूषणाचा काही संबंध नाही. ही यंत्रणा खडक, झाडाची साल व भिंत यांवर उत्तम चालते. सुट्या वाळूवर मात्र तिचा उपयोग नाही, कारण पाऊल ज्या कणाला धरते तो कणच निसटतो. शिवाय धुळीने भरलेली गादी बीळ खणण्याच्या कामी अडचणीचीच ठरते. म्हणून ज्यांचे पूर्वज चढणारे होते अशा पालींना वाळूत राहावयाचे, तर पावलांची रचना बदलणे भाग होते. नामिबच्या पालींचे शास्त्रीय महत्त्व मुख्यतः या बदलात आहे.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जाती पॅकिडॅक्टिलस रेंजाय ही होय. तिचे वर्णन स्वीडिश शास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९०८ मध्ये केले व जर्मन भूवैज्ञानिक पाउल रेंज यांच्यावरून तिला नाव दिले. शेपटीसह तिची लांबी १० ते १५ सेंमी. असते. अंग सडपातळ, त्वचा फिकट गुलाबी व इतकी पातळ की आतील अवयवांची छाया बाहेरून दिसावी. डोळे मोठे, तांबूस व उभ्या बाहुलीचे असतात. बदकाच्या पावलाप्रमाणे तिची बोटे पडद्याने जोडलेली असतात. हे पाऊल बर्फावर चालण्याच्या रुंद जोड्याप्रमाणे वाळूत रुतणे टाळण्यासाठी आहे, अशी कल्पना पूर्वी रूढ होती व काही लोकप्रिय पुस्तकांत ती अजूनही आढळते. परंतु अँथनी रसेल व ॲरन बाउअर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून पडद्याचे मुख्य कार्य खणण्याचे आहे, असे दिसून आले. पडद्यात बारीक उपास्थी व त्यांना हालविणारे स्नायू असतात. त्यांच्या साहाय्याने पाऊल फावड्यासारखे ताठ करून पाल वाळू मागे लोटते. वाळू ओलसर व घट्ट असेल तेथे बीळ टिकते. कोरडी वाळू कोसळते. म्हणून टेकड्यांच्या उतारावरील योग्य जागा तिला निवडावी लागते.

टोळ, नाकतोडे, वाळवी, भुंगेरे व कोळी हे तिचे खाद्य होय. बहुतेक पालींप्रमाणे या गटातील पालींनाही हालणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते व त्यावरची धूळ पाल जिभेने पुसते. नामिबमध्ये या सवयीला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. धुक्याचे थेंब तिच्या गार अंगावर व डोळ्यांवर साठतात आणि ती ते चाटून पिते. वर्षभरात जेथे पावसाच्या दोनचार सरीच येतात, तेथे पिण्याच्या पाण्याचा हा मोठा आधार आहे.

या पालीचा एक गुणधर्म अगदी अलीकडे लक्षात आला. जंबुपार प्रकाशात धरल्यास तिच्या दोन्ही कुशींच्या खालच्या कडेने जाणारा पट्टा व डोळ्याभोवतीचे वलय तेजस्वी हिरव्या रंगाने चमकतात. २०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखविल्याप्रमाणे हे अनुस्फुरण (घेतलेला प्रकाश वेगळ्या रंगात लगेच बाहेर टाकणे) त्वचेतील ग्वानीन स्फटिकयुक्त कोशिकांमुळे घडते. पट्टा शरीराच्या खालच्या बाजूस असल्याने वरून पाहणाऱ्या शत्रूला तो दिसत नाही. वाळूलगत डोळा असलेल्या दुसऱ्या पालीला मात्र दिसू शकतो. विरळ वस्तीने राहणाऱ्या या पालींना चांदण्यात एकमेकींचा ठावठिकाणा लागावा अशी ही सोय असावी, असा तर्क करण्यात आला आहे. तो आकर्षक असला, तरी प्रत्यक्ष वर्तनाच्या निरीक्षणाने सिद्ध झालेला नाही.

मंद प्रकाशात रंग ओळखण्याची पालींची क्षमता मात्र प्रयोगांनी सिद्ध झाली आहे. त्यांचे पूर्वज दिनचर असून त्यांच्या दृष्टिपटलात अंधुक प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शलाका-कोशिका उरल्या नव्हत्या. पुढे पाली निशाचर झाल्या, तेव्हा उरलेल्या शंकू-कोशिकाच मोठ्या व संवेदनक्षम बनल्या. वायव्य आफ्रिकेच्या किनारी भागातील टॅरेंटोला चाझालिई या पालीवर केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, माणसाला सर्व काही करडे दिसते अशा मंद चंद्रप्रकाशातही तिने रंगांतील भेद ओळखला.

प्टेनोपस प्रजातीच्या पालींनी वेगळा मार्ग स्वीकारला आहे. त्यांच्या बोटांच्या कडांना खवल्यांची झालर असते. प्टे. गॅर्युलस (अर्थ : बडबडी) या जातीचे वर्णन अँड्र्यू स्मिथ यांनी १८४९ मध्ये केले, ती शेजारच्या कालाहारीतही विपुल आहे. उष्ण हंगामात सूर्य मावळू लागला की, नर बिळाच्या तोंडाशी येऊन, डोके थोडे बाहेर काढून, टकटक असा लागोपाठ आवाज करतात. एकाने सुरुवात करताच दुसरे त्याला साथ देतात व सारे मैदान काही वेळ दुमदुमते. बिळाचे तोंड कर्ण्याचे काम करते व आवाज दूरवर पोहोचतो. मोठ्या नराचा स्वर खालचा असतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा आकार त्याला न पाहताच कळू शकतो आणि पुष्कळशी भांडणे टळतात. माद्या आवाजाच्या रोखाने नराकडे जातात. दिवसा बिळाचे तोंड वाळूने बंद केलेले असते. प्टे. कोचाय (१९६४) ही जाती टेकड्यांमधील घट्ट, बारीक मातीत, तर प्टे. कार्पाय (१९६२) रेताड खड्यांच्या मैदानात बीळ करते. मातीचा पोत बदलला की, जाती बदलते. कोचाय हे नाव चार्ल्स कॉख या कीटकवैज्ञानिकावरून आले आहे. क्विसेब नदीकाठी गोबाबेब येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या वाळवंट संशोधन केंद्राचे ते संस्थापक होत.

काँड्रोडॅक्टिलस अँग्युलिफर ही जाती धिप्पाड असून तिची बोटे आखूड व गाद्यांविना असतात. डिवचल्यास ती पाय ताठ करून अंग उचलते व शेपटी विंचवाप्रमाणे पाठीवर वळविते. विष मात्र तिला नसते. याउलट रॉप्ट्रोपस अफर ही दिनचर पाल खडकाळ सपाट भागात अतिशय वेगाने धावते. खडकांवर चढणाऱ्या आपल्या आप्तांच्या मानाने तिची आसंजक गादी बरीच क्षीण झाली आहे.

पूर्वी पावलांच्या रचनेला वर्गीकरणात मोठे वजन देत. म्हणून पडदायुक्त पालीसाठी पामॅटोगेको ही, तर नामिबच्या उत्तर भागातील अर्धवट पडदा असलेल्या पालीसाठी काओकोगेको ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली होती. डीएनएच्या अभ्यासाने हे चित्र पालटले. या दोन्ही जाती, जाड बोटांच्या चढणाऱ्या पालींच्या पॅकिडॅक्टिलस प्रजातीतच मोडतात; काँ. अँग्युलिफरचे निकटचे आप्तही गादीधारी व चढणारे आहेत. ट्रिप लॅम व बाउअर यांनी २००६ मध्ये दाखविले की, गादीचा ऱ्हास या शाखांत एकदाच नव्हे, तर अनेकदा स्वतंत्रपणे झाला. पावलांतील साम्य हा नात्याचा पुरावा नसून वाळूचा परिणाम आहे. भारतातही याला समांतर उदाहरण आहे : राजस्थानच्या पश्चिम भागात व सिंधमध्ये आढळणाऱ्या क्रॉसोबॅमन ओरिएंटॅलिस या वालुकावासी पालीच्या बोटांना प्टेनोपसप्रमाणेच झालर असते. महाराष्ट्राच्या कोरड्या टेकड्यांत आढळणारी यूब्लेफॅरिस फस्कस मात्र अगदी वेगळी असून तिला हालणाऱ्या पापण्या असतात.

गेकोनिडी कुलातील पालींच्या अंड्यांचे कवच कठीण व चुनखडीयुक्त असल्याने पाण्याचा ऱ्हास कमी होतो. पडदायुक्त पाल एका वेळी दोन, तर प्टे. गॅर्युलस एकच अंडे घालते. पेरिंगेचा फुरसा हा वाळूत दडून बसणारा विषारी साप पालींचा प्रमुख शत्रू आहे. संकटात या पाली शेपटी तोडून टाकतात.

वालुकासागराचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानात असून २०१३ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही किनाऱ्यालगतच्या मैदानांत रस्ता सोडून फिरणाऱ्या मोटारींचा उपद्रव होतो. तेथे चाकाची खूण वर्षानुवर्षे पुसली जात नाही, आणि दिवसा तोंड बुजवलेली बिळे मोटार चालविणाऱ्याला दिसतही नाहीत.