गालाचे अस्तर

गालाची आतील बाजू हलकेच खरवडून तो ओलावा काचपट्टीवर पसरला, त्यावर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला, की शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही माणसाची पेशी दिसू शकते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींना भिंत असते, म्हणून त्या विटांसारख्या रेखीव दिसतात. गालाच्या पेशीला भिंत नाही, केवळ पातळ पटल आहे. त्यामुळे ती पापडाच्या तुकड्यासारखी वेडीवाकडी, कोठे कड दुमडलेली अशी आढळते. रुंदी सुमारे ५० ते ६० मायक्रोमीटर, आणि मध्यभागी केंद्रकाचा गडद निळा ठिपका. हा ठिपका ध्यानात ठेवावा. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

शरीरातील पोकळ्यांना व पृष्ठभागांना आच्छादणाऱ्या पेशीसमूहास अभिस्तर ऊती म्हणतात. तिचे प्रकार पेशींचा आकार आणि त्यांचे थर यांवरून ठरवितात. फुफ्फुसाच्या वायुकोशांत चपट्या पेशींचा एकच थर असतो, कारण तेथून प्राणवायू पार जावयाचा असतो. गालाला मात्र दातांचे घर्षण आणि भाकरीचा कडक पापुद्रा सोसावा लागतो. म्हणून येथे थरांवर थर आहेत; यास स्तरित पट्टकी अभिस्तर हे नाव आहे. नाव चपटेपणाचे असले तरी तळाच्या पेशी चपट्या नसतात. विभाजन तळाशीच होते. नव्या पेशी वर ढकलल्या जातात, चपट्या होत जातात आणि दोन-तीन आठवड्यांत लाळेत गळून पडतात.

वर्गीकरणाचा आणखी एक निकष आहे, तो केराटिनचा. तळहाताच्या वरच्या थरातील पेशी मृत असतात. त्यांचे केंद्रक नाहीसे होऊन आत केराटिन हे कठीण प्रथिन भरलेले असते. हिरड्या व टाळूचा कठीण भाग यांचे अस्तरही केराटिनयुक्त असते. गालाचे तसे नसते, म्हणूनच वरच्या पेशीतही तो निळा ठिपका टिकून राहतो.

गालात तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षे धरली, की मऊ अस्तरावर केराटिनचा थर चढू लागतो आणि पुसून न जाणारा पांढरा चट्टा उमटतो. त्याला ल्यूकोप्लाकिया म्हणतात. दात जेथे मिटतात त्या रेषेवर पुष्कळांच्या गालात बारीक पांढरट रेघ असते. तिचे भय नको. चट्टा मात्र दाखवावा, आणि मखमली लाल चट्टा तर अधिक तातडीने. तंबाखू नसली की सुपारी निर्दोष, असे मानणारे आपल्यात थोडे नाहीत. सुपारीने अस्तराखालील तंतू ताठरतात, तोंड पुरते उघडेनासे होते, आणि ती स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला असून तो २००४ साली प्रसिद्ध झाला.

गळणाऱ्या पेशीची हानी तिच्याबरोबर निघून जाते. तळाच्या विभाजनशील पेशीची हानी मात्र तिच्या संततीत उतरते. थरांची शिस्त मोडते, आणि बिघडलेल्या पेशी तळपटल भेदून खाली शिरल्या की तो कर्करोग होय. वरवर खरवडून काढलेल्या सुट्या पेशी थरांची रचना सांगू शकत नाहीत. म्हणून डॉक्टर जागा बधिर करून चट्ट्याचा लहानसा तुकडा काढतात, आणि त्याचा उभा छेद घेऊन तळापासून वरपर्यंत थर तपासले जातात.