विहारातला मुका माईक

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यात गावोगावच्या विहारांतून सायंकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. दिवसभर निंदण-डवरणीत वाकलेली बायामाणसे हातपाय धुऊन, पांढरे पातळ नेसून विहारात येऊन बसतात. वाचणारी बहुधा एखादी सून, नाहीतर कॉलेजात जाणारी मुलगी असते. तिचा आवाज काही शाहिरी नसतो. वर टिनावर पाऊस वाजत असतो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांना आधीच कमी ऐकू येते. अशा वेळी तिच्या हातातला कॉर्डलेस माईक खरखर करून बंद पडतो. “आवाज येऊन राह्यला का वो?” असे ती विचारते, पण ते विचारलेलेही मागे पोहोचत नाही. चार दिवस ती ओरडून वाचते, मग तिचा घसा बसतो. मागची माणसे हळूहळू येईनाशी होतात. माईक कपाटात जातो आणि पुढच्या भीमजयंतीच्या वर्गणीत ‘नवीन माईक’ अशी एक ओळ वाढते.

वाचकहो, असे कपाटात गेलेले माईक बहुतेक वेळा मेलेले नसतात. ते उपाशी असतात, मळलेले असतात, नाहीतर त्यांच्या पोटातली एखादी केसाएवढी तार सुटलेली असते. काही हजारांची वस्तू आपण दोन पैशांच्या स्प्रिंगसाठी भंगारात काढतो. ती वर्गणी कापूस वेचणाऱ्या हातांची असते, म्हणून हा विषय लिहावासा वाटला.

एक काळ असा होता की आपल्या चळवळीला माईकच नव्हता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव झाले ते छातीच्या जोरावर. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी उभा महाराष्ट्र पायाखाली घातला, तोपर्यंत भोंगा आणि वायरचा माईक आला होता. विदर्भात कव्वालीचे दुय्यम सामने रात्र रात्र रंगत, तेव्हा गायकाच्या पायात वायर अडकू नये म्हणून एक पोरगा खास बसवलेला असे. बिनवायरचा हाती धरायचा माईक जगात तसा जुना आहे. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ साली ‘व्हॅगाबाँड’ नावाचा असा माईक बाजारात आणला होता, आणि त्यात ट्रान्झिस्टर नव्हे तर छोट्या काचेच्या व्हॉल्व्ह नळ्या होत्या. आपल्याकडे मात्र तो खेड्यातल्या विहारापर्यंत पोहोचायला बराच काळ जावा लागला. आला तो जादूच्या कांडीसारखा, आणि म्हणूनच त्याच्या आत काय आहे हे पाहण्याची हिंमत कोणी केली नाही.

आत काय असते?

कॉर्डलेस माईक म्हणजे एक छोटे रेडिओ केंद्रच. वर जाळीखाली जे बटणासारखे युनिट असते, त्याला कॅप्सूल म्हणतात. त्यात पातळ पडदा, त्याला चिकटवलेली बारीक तारेची वेटोळी आणि एक लोहचुंबक असते. आवाजाने पडदा हलतो, वेटोळी चुंबकाजवळ हलते आणि तिच्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. दांड्यातली पट्टी ती वीज मोठी करून रेडिओच्या लहरींवर चढवते. खालच्या टोकाला अँटेना असते, तिथून लहरी निघतात. मशीनजवळ ठेवलेला रिसिव्हरचा डबा त्या झेलतो आणि त्यातला आवाज पुन्हा वेगळा काढतो. म्हणजे साखळीला कड्या पाच: सेल, स्विच, कॅप्सूल, पट्टी आणि अँटेना. त्यातली तुटलेली कडी कोणती एवढेच शोधायचे.

ते शोधायला रिसिव्हरच्या तोंडावरचे दोन दिवे पुरतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. एकावर ‘आरएफ’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘एएफ’. पहिला दिवा लागला म्हणजे माईकची लहर डब्यापर्यंत आली. दुसरा बोलताना लुकलुकला म्हणजे त्या लहरीबरोबर आवाजही आला. माईक सुरू करूनही पहिला दिवा लागत नसेल तर दोष सेल, स्विच, पट्टी किंवा अँटेनात. पहिला लागतो पण बोलल्यावर दुसरा हलत नाही, तर कॅप्सूल, तिच्या तारा किंवा आवाज बंद करण्याचे बटण संशयित. दोन्ही दिवे नीट चालतात आणि तरीही भोंगा मुका असेल, तर बिचाऱ्या माईकचा काही गुन्हा नाही. डब्यापासून मशीनपर्यंतची वायर हलवून पाहा. रिसिव्हरचा एकही दिवा लागत नसेल तर त्याचा अॅडॉप्टर गेला असे समजा. आपल्याकडे विजेचा दाब जसा वर-खाली होतो, त्यात अॅडॉप्टर आधी बळी पडतो. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट आणि पिनेतील धन-ऋण जुळवून घ्यावे.

आणखी एक खूण. माईक पूर्ण बंद असताना पहिला दिवा जळत असेल, तर आपल्याच लहरीवर दुसरे कोणीतरी बसले आहे.

सेल: अर्धे आजार इथले

कार्यक्रम संपला की सतरंज्या उचलतात, भोंगे उतरवतात, हारफुले गोळा करतात, पण माईकमधले सेल कोणी काढत नाही. ६ डिसेंबरचा अभिवादनाचा कार्यक्रम झाला की माईक जो पेटीत जातो तो एप्रिलमध्ये बाहेर येतो. तोवर आतले सेल पाझरलेले असतात आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर बसलेला असतो. यवतमाळ-वणीकडचा उन्हाळा लक्षात घ्या. बंद जीपमध्ये दुपारभर पडलेल्या पेटीत सेलचे काय होत असेल?

हा थर खरवडू नका. आधी सेल कोणता ते वेष्टनावर वाचा. अल्कलाईन सेलमधून पाझरते ते क्षारयुक्त असते. त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कानकाडीला लावून हलक्या हाताने पुसावे, थोडा फेस येतो आणि थर सुटतो. स्वस्तातला साधा सेल असेल तर त्याचा पाझर आम्लधर्मी असतो, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा. दोन्हीकडे नंतर ओलसर स्वच्छ कापड फिरवावे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावे. रस तसाच राहिला तर तोच पुढे धातू खातो. हाताला पातळ मोजा असावा आणि डोळ्याला बोट लावू नये. हे पाणी त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते. घरी लहान मूल जवळ असेल तर हे काम दुपारी ते झोपल्यावर करा. स्प्रिंग गंजून मोडली असेल तर जुन्या खेळण्यातली तेवढ्याच मापाची स्प्रिंग रेडिओ दुरुस्तीवाला बसवून देतो.

सेल ‘नवा’ आहे यावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावा. पेन्सिल सेल नवा असताना दीड व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. एक व्होल्टच्या आसपास आला की तो माईकच्या कामाचा नाही, भिंतीवरचे घड्याळ मात्र त्यावर अजून चालेल. चार्जिंगचा सेल मुळातच १.२ व्होल्टचा असतो, म्हणून काही माईक तो भरलेला असतानाही ‘सेल संपला’ असे दाखवतात. जुन्या माईकमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. अनेक माईकांवरचा लाल दिवा सुरू करताना क्षणभर चमकून विझतो, आणि तो विझणे हेच तब्येत चांगली असल्याचे चिन्ह! तो जळतच राहिला तर सेल संपत आला. आपले लोक नेमके उलटे समजतात. शिवाय काही माईकांच्या पट्टीत सेलचा दाब वाढवून देणारी सोय असते. असा माईक शेवटपर्यंत ठणठणीत बोलतो आणि ऐन भाषणात एकदम गप्प होतो. म्हणून मोठ्या कार्यक्रमाला सेल नवेच घालावेत, आणि दोन्ही एकाच पाकिटातले.

जाळी आणि तिच्या आतला स्पंज

आवाज दबका, भरडा येऊ लागला की लोक मशीनची बटणे पिळतात. आधी जाळी काढून पाहा. आत स्पंज असतो, आणि वर्षानुवर्षांची थुंकी, विड्याचा रस, खर्ऱ्याचे कण सारे त्यात मुरलेले असते. एकाच माईकवर दहा जण तोंड लावतात; २०२० च्या साथीनंतर तरी याची किळस यायला हवी होती. जाळी आणि स्पंज कोमट पाण्यात अंगाच्या साबणाने धुवावे आणि सावलीत पूर्ण वाळवावे. कॅप्सूलला पाणी लावायचे नाही, तिच्यावर फुंकरही मारायची नाही. ‘हॅलो हॅलो’च्या आधी माईकवर फूऽफू करण्याची आपल्या पुढाऱ्यांची सवय काही जात नाही. ओली फुंकर पडद्यावर बसते. नुसते बोलून पाहिले तरी माईक सुरू आहे हे कळते!

जाळी फिरवताना एक जपा. जाळीच फिरली पाहिजे, तिच्याबरोबर कॅप्सूल फिरली तर तिच्या दोन बारीक तारा पीळ पडून तुटतात. चेचलेली जाळी आतून चमच्याच्या पाठीने दाबून गोल करता येते.

कॅप्सूल जिवंत आहे का हे मल्टिमीटर सांगतो. रोधाच्या खुणेवर काटा ठेवून तिच्या दोन टोकांना सुया लावाव्यात. रंगमंचावरच्या बहुतेक माईकांची वेटोळीची कॅप्सूल काही शे ओहम दाखवते आणि सुई लागताक्षणी कानाला बारीक ‘टक्’ ऐकू येते. टक् आली तर कॅप्सूल ठीक, तार सुटली असेल. ती पंचवीस वॅटच्या सोल्डरने क्षणभरात जोडावी, जास्त वेळ तापवू नये. मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळी तुटली. ती दुरुस्त होत नाही, पण नवी कॅप्सूल सुटी मिळते.

स्विच हा तिसरा रुग्ण. सरकवताना खरखर होते, मधेच आवाज जातो. त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-तीस वेळा मागेपुढे करावा. शिलाई मशीनचे तेल घालू नये. त्यावर धूळ बसते आणि काम आणखी बिघडते.

हात कुठे थांबवावा

माईक हातून पडला आणि पहिला दिवा कायमचा विझला, तर भिंग घेऊन पट्टीवरचे सोल्डर पाहा. एखाद्या जोडाभोवती बारीक गोल भेग दिसली तर तिथे पुन्हा सोल्डर करावे. जुन्या माईकमध्ये एक चपटी धातूची डबी असते, तिला क्रिस्टल म्हणतात. तिच्यात गारेच्या जातीच्या स्फटिकाची पातळ चकती असते, ती आपल्या लहरीचा नेमका आकडा धरून ठेवते. आपटल्याने ती तडकली तर माईक मुका होतो किंवा भलत्याच लहरीवर जातो. त्याच आकड्याचा क्रिस्टल मिळाला तरच उपयोग.

पट्टीवर पेच असलेल्या रंगीत छोट्या डब्या दिसतील. त्यांना पेचकस लावण्याचा मोह प्रत्येक हौशी पोराला होतो. तेवढे मात्र करू नये. त्या कारखान्यात यंत्रावर जुळवलेल्या असतात आणि अंदाजाने फिरवलेला माईक पुन्हा जुळवायला कसबी माणूसच लागतो. तसेच एका कंपनीचा माईक दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर चालवला तर आवाज लागला तरी फुगल्यासारखा येतो, कारण माईक आवाज दाबून पाठवतो आणि डबा तो त्याच प्रमाणात उलगडतो. दोघांचे माप जुळावे लागते.

काही ‘बिघाड’ तर धरण्याच्या पद्धतीत असतात. बुडाशी मूठ आवळली की अँटेना झाकली जाते आणि लहर अर्ध्यावर अडते. कव्वालांचे पाहून पोरे जाळीभोवती मूठ धरतात, त्याने भोंगा कुई करून शिटी मारतो. मधोमध धरावे, एवढे सोपे आहे.

१४ एप्रिलला एकाच शहरात किती मिरवणुका, किती मंच असतात ते आपण जाणतो. एकाच आकड्याचे दोन माईक जवळ आले की डब्यात ज्याची लहर जोरदार तो बोलतो, दुसरा गिळला जातो. मग इकडच्या मंचावर तिकडच्या लग्नातले सूत्रसंचालन ऐकू येते. बिछायत केंद्रवाल्याला आधीच आकडा विचारून ठेवावा. नवा माईक घेताना सातशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला जुना माल स्वस्त मिळाला तरी टाळावा. २०२२ च्या लिलावात हा पट्टा मोबाईल कंपनीने घेतला आहे, तिथे टॉवरची गर्दी होते. आणि कितीही चांगला कॉर्डलेस असला तरी वायरचा एक माईक विहारात असावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम विहारातल्या मुलींनी शिकावे असेही वाटते. आवाज त्यांचा जातो, मग पेचकस दुसऱ्याच्या हाती का? दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, तो मुलींनाही खुला आहे. पण सेल, स्पंज आणि स्विच यांसाठी तेवढेही लागत नाही. एक डबा पुरे: मल्टिमीटर, छोटा पेचकस, कानकाड्या, अल्कोहोलची बाटली, भिंग आणि सेल कोणत्या तारखेला घातले याची चिठ्ठी. वाचन आटोपले की सेल काढून त्याच डब्यात ठेवावेत. जयंतीसाठी माईक आदल्या रात्री न उघडता आठ दिवस आधी उघडून पाहावा, कारण कॅप्सूल किंवा क्रिस्टल तालुक्याला मिळाला नाही तर यवतमाळ नाहीतर नागपूर गाठावे लागते.