मुंबईचे की बंगळूरचे?

२३ ऑगस्ट २०१५. श्रावणातला रविवार. गुंजीचा पाऊस कोसळत होता आणि आमच्या माजघरात सरळसरळ दोन तट पडले होते. प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना मुंबईत यू मुंबा व बंगळूर बुल्स यांच्यात होता. सीमालढ्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या वडीलधाऱ्यांचा कौल अर्थातच मुंबईला. बंगळुरात नोकरीस असलेला पुतण्या मात्र उघडउघड बुल्सचा. “अन्न तिथले खातो ना, काका,” एवढेच तो म्हणाला. आदल्या वर्षी, पहिल्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात, जयपूरने मुंबईला ३५-२४ असे नमविले होते. त्यामुळे थोरल्यांची धाकधूक अधिकच.

भातखाचराच्या कडेला दम घुमवीत हुतुतू खेळलेल्या आम्हांला तीस सेकंदांच्या चढाईचे घड्याळ आधी रुचलेच नव्हते. त्याहून मौज खेळाडूंची! लिलावाने वाटले गेलेले हे संघ. मुंबईचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, बंगळूरचा मनजीत छिल्लर दिल्लीकडचा. मुंबईच्या संघातला रिशांक देवाडिगा जन्माने मुंबईकर, तर आडनावाने कर्नाटक किनाऱ्याचा. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्र राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकला. आम्ही मात्र घरात भाषेवरून हमरीतुमरीवर आलेलो!

मुंबई ३६-३० अशी जिंकली. थोरल्यांनी साखर वाटली. पुतण्याने ती तळहातावर घेतली, तोंडात मात्र टाकली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला लोंढ्याहून बंगळूरची गाडी गाठायची होती.