टायमरमधला तो एक

माझ्या कंपनांच्या डेटात मेन्सचा ५० हर्ट्झचा हम ५०.७ ला दिसत होता. दोन आठवडे मी सेन्सरला दोष दिला. चूक निघाली क्यूबएमएक्सच्या दोन चौकटींत.

समजा तुम्हाला एसटीएम३२एफ१०३ वर सेकंदाला १००० नमुने घ्यायचेत. आधी क्लॉक कॉन्फिगरेशन उघडा. एपीबी१ बस ३६ मेगाहर्ट्झवर असली तरी टायमर २ ला ७२ मिळतात, कारण बसचा भाजक १ नसेल तर टायमरचा क्लॉक दुप्पट होतो. म्हणून टायमर क्लॉकची ओळ वाचा, बसची नको. मग प्रीस्केलर ७१ आणि काउंटर पीरियड ९९९ भरा. मोजणी शून्यापासून होते ना, त्यामुळे दोन्हींत एक मिळवूनच भागाकार होतो. मी सरळ ७२ आणि १००० टाकले होते: ७,२०,००,००० ÷ (७३ × १००१), म्हणजे ९८५.३ हर्ट्झ. १००० धरून हिशेब केला की तासाभराच्या नोंदीत ५३ सेकंद गायब!

प्रयोगाआधी इंटरप्टमध्ये एक पिन टॉगल करून स्कोपवर बघा, ५०० हर्ट्झ दिसायला हवेत (दोन टॉगलचं एक आवर्तन). वेळेचा अक्ष ९८५.३ ने पुन्हा काढल्यावर माझा डेटा वाचला, पण गाइडना दाखवलेले आलेख मागे घ्यावे लागले.